अपुरी भाषा, पुरी बुद्धी

१

चौदा वर्षांच्या मुलाला इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकापुढे जी अडचण असते, ती चार वर्षांच्या मुलाशी बोलणाऱ्या आईपुढे नसते. चार वर्षांच्या मुलाची भाषा आणि त्याचे जग ही दोन्ही जवळजवळ एकाच मापाची असतात. जेवढे दिसते, हवेसे वाटते किंवा खुपते, तेवढे सांगण्यापुरते शब्द त्याच्याजवळ असतात. नसले तर ते रडून भागवते. चौदाव्या वर्षी इंग्रजीच्या तासाला बसलेल्या मुलाची स्थिती वेगळी असते. त्याचे जग वाढलेले असते, मन त्याहून वाढलेले असते, आणि त्या एका तासापुरती त्याची भाषा मात्र दोन वर्षांच्या बाळाएवढी झालेली असते.

बंगळूरच्या जुन्या पेठेतील एखाद्या कन्नड माध्यमाच्या शाळेतला नववीचा वर्ग या दृष्टीने डोळ्यांसमोर आणावा. चिकपेट, बळेपेट, नगर्तपेट या भागांतून येणारी मुले घरी कन्नड बोलतात. काही तेलुगू, काही तमिळ, काही दखनी उर्दू बोलतात. आणि १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झालेल्या या गावात मराठी बोलणारी घरेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. यांतला एखादा मुलगा शाळा सुटल्यावर वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसतो, उधारीची वही सांभाळतो आणि समोरचे गिऱ्हाईक कोणत्या भाषेत घासाघीस करील हे त्याच्या चेहऱ्यावरून ताडतो. एखादी मुलगी दोन बसगाड्या बदलून शाळेत येते, धाकट्या भावंडांना सांभाळते आणि आईचे रेशनकार्डाचे काम कचेरीत जाऊन उरकते. हीच मुले इंग्रजीच्या तासाला बसली, की शिक्षक हातातले पुस्तक वर धरतात आणि हे पुस्तक आहे असे त्यांना इंग्रजीत सांगतात. चाळीस तोंडांतून तेच वाक्य परत येते. मग शिक्षक दाराशी जातात, दार उघडतात आणि आपण दार उघडत आहोत असे जाहीर करतात. तेही वाक्य परत येते. मुले हसत नाहीत, कारण त्यांना सवय झालेली असते. परंतु या सगळ्यात कुणी कुणाला काही सांगितले नाही, हे त्यांना पक्के कळत असते.

अशा तासाला कंटाळवाणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. त्यात खरे पाहता एक अवमान दडलेला असतो. मुलाला जेवढी इंग्रजी येते तेवढीच त्याला अक्कल आहे, असे कुणी उघडपणे म्हणत नाही. पण तासाची सारी मांडणी तसे धरून चाललेली असते. किशोरवयीन मुले या बाबतीत फार हळवी असतात. गणिताच्या तासाला हात वर करणारा मुलगा इंग्रजीच्या तासाला मान खाली घालतो, आणि शिक्षकांच्या वहीत त्याची नोंद मंद म्हणून होते. अपुऱ्या भाषेमागे पुरी बुद्धी उभी असते हे ओळखून शिकविण्याची रीत कोणती, हा प्रश्न वाटतो तितका केवळ अध्यापनशास्त्राचा नाही. भारतीय भाषांमध्ये वाढून इंग्रजीच्या दारातून पुढे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक पिढीच्या आत्मसन्मानाशी तो निगडित आहे.

२

हा अवमान कोणा एका शिक्षकाने केलेला नाही. त्यामागे पद्धतींचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात प्रत्येक पद्धतीने काही मिळविले तसे काही गमावलेही आहे.

महाराष्ट्रात इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने चालत आला. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या त्या पिढीला हे दूध पचविण्याचा एक मार्ग ठाऊक होता, आणि तो म्हणजे भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पुढे कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराच्या पद्धतीला आज नावे ठेवली जातात. ती बोलायला शिकवीत नाही, असा तिच्यावरचा आक्षेप खराही आहे. पण एक गोष्ट तिच्या पदरात टाकली पाहिजे. विद्यार्थ्याला एक भाषा आधीच उत्तम येते, हे ती मानून चालत असे. मराठीतील गुंतागुंतीचे वाक्य समोर ठेवून ते इंग्रजीत कसे न्यावे असे ती विचारी, तेव्हा विद्यार्थ्याच्या वयाचा मान राखला जात असे. अडचण इतकीच, की साऱ्या वर्गाची मातृभाषा एक असल्याशिवाय ही पद्धती चालू शकत नाही. पुण्याच्या वर्गात ते गृहीत धरता येत होते. बंगळूरच्या पेठेतील वर्गात कोणत्या भाषेतून भाषांतर करावयाचे, येथेच ती अडखळते.

ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२० नंतरच्या दशकात निराळा विचार मांडला. बहुसंख्य मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात. तेव्हा ज्या दिवशी मूल शाळा सोडील त्या दिवशी त्याच्या हाती काही उपयोगाचे राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी बोलण्याच्या आधी वाचनाला स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५० नंतरच्या काळात, दक्षिणेत रचनाधिष्ठित पद्धतीचा प्रसार झाला. इंग्रजी वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावून घ्यावेत, एका वेळी एक साचा प्रसंग दाखवून शिकवावा, तोंडी सराव करून घ्यावा आणि मग पुढच्या साच्याकडे जावे, अशी ती व्यवस्था होती. अप्रशिक्षित शिक्षकांच्या हाती एक निश्चित क्रम देणे, हा तिचा मोठा गुण होता. परंतु क्रम ठरला तो वाक्याच्या सोपेपणावरून. वाक्य म्हणणाऱ्याच्या वयाचा त्यात विचार नव्हता. हे पुस्तक आहे, हे वाक्य अकरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आले तसेच ते चौदा वर्षांच्या मुलाच्याही वाट्याला आले.

३

या परिस्थितीत १९७९ ते १९८४ या पाच वर्षांत जो प्रयोग झाला, तो जगभरच्या भाषाशिक्षणाच्या ग्रंथांत बंगलोर प्रकल्प या नावाने नोंदला गेला आहे. त्याचे प्रवर्तक एन. एस. प्रभू हे त्या वेळी मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी अध्ययनाचे अधिकारी होते. १९६३ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची प्रादेशिक इंग्रजी संस्था या कामात त्यांच्याबरोबर होती. बंगळूर, मद्रास आणि कडलूर येथील शाळांमधील आठ वर्गांत, सुमारे अठरा शिक्षकांच्या साहाय्याने, एक ते तीन वर्षे हे अध्यापन चालले. पैसा मोठा नव्हता, यंत्रे नव्हती; खडू, फळा आणि कागद एवढीच सामग्री होती.

प्रभूंचे मूळ प्रमेय थोडक्यात असे सांगता येईल: मन अर्थाच्या शोधात गुंतलेले असते तेव्हा व्याकरण नकळत रुजते. म्हणून शिक्षकाने व्याकरणाचा क्रम लावू नये. विचार करावयास लावणाऱ्या कार्यांचा क्रम लावावा. त्यांनी कार्यांचे तीन प्रकार केले. एकाला ठाऊक असलेली माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे हा पहिला. दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढणे हा दुसरा. आणि स्वतःचे मत किंवा भावना मांडणे हा तिसरा. प्रत्यक्ष वर्गात त्यांना दुसरा प्रकार, म्हणजे तर्काचा, सर्वांत फलदायी वाटला.

येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. आजकाल वर्गातील सर्जनशीलता म्हटले, की मुलांना मत विचारणे, नाटुकली बसविणे, गटात बसवून गप्पा मारावयास लावणे, असेच चित्र पुढे येते. प्रभूंची भूमिका याहून सावध होती. मत मागितले की किशोरवयीन मूल गडबडते, कारण मताला बरोबर अथवा चूक असे काही नसते आणि आपले म्हणणे कसे दिसेल याची धास्ती त्याला वाटते. तर्काच्या प्रश्नाला उत्तर असते. ते मिळाले की मिळाले. गणिताच्या तासाला मान वर करणाऱ्या मुलाला तसाच आधार इंग्रजीच्या तासाला मिळतो. गटकार्यावरही प्रभूंनी भिस्त ठेवली नाही. अपुरी भाषा असलेली मुले एकमेकांशीच बोलत राहिली, तर तीच अपुरी भाषा त्यांच्यात घट्ट होईल, असे त्यांना वाटे. मुलांना चांगली इंग्रजी ऐकावयास मिळेल ती शिक्षकाच्या तोंडूनच, असे ते धरून चालले.

असा तास कसा चालत असेल याची कल्पना एका साध्या उदाहरणाने येईल. फळ्यावर तीन गाड्यांचे वेळापत्रक लिहिलेले आहे. ते काल्पनिक असले तरी बिघडत नाही. गाड्या बंगळूरहून म्हैसूरला जातात. एक रविवारी धावत नाही, एक मंड्याला थांबत नाही, तिसरी मंड्याला थांबते पण उशिरा पोहोचते. शिक्षक इंग्रजीत विचारतात: पहिली गाडी किती वाजता सुटते? मंड्याला किती मिनिटे थांबते? मग प्रश्न किंचित अवघड होतात. रविवारी सकाळी अकराच्या आत म्हैसूरला पोहोचावयाचे असेल तर कोणती गाडी घ्यावी? वाटेत मंड्याला आजी चढणार असतील तर? एक मुलगा हात वर करतो आणि म्हणतो, ‘सेकंड ट्रेन नो स्टॉप मंड्या.’ रचनाधिष्ठित तासात येथे सारे थांबले असते आणि वाक्य दुरुस्त करून चाळीस वेळा म्हणून घेतले गेले असते. येथे शिक्षक मान डोलावतात, तेच विधान नीट इंग्रजीत म्हणत फळ्यावर लिहितात आणि पुढचा प्रश्न विचारतात: मग आता काय करावे? दुरुस्ती झालेली असते. पण ती जाता जाता झालेली असते, जशी घरात बोलताना होते. संभाषणाचा धागा तुटत नाही आणि त्या मुलाचा तर्क बरोबर होता, ही गोष्ट साऱ्या वर्गापुढे राहते.

सर्वांनी मिळून केलेल्या या पहिल्या फेरीनंतर प्रत्येक मुलाला तशाच स्वरूपाचे पण निराळे काम एकट्याने करावयास मिळते. ते किती अवघड असावे यासाठी प्रकल्पाने एक साधे माप ठरविले होते. वर्गातील निदान निम्म्या मुलांना निदान निम्मे काम जमले पाहिजे. त्याहून कमी जमले तर काम सोपे करावे, फार अधिक जमले तर अवघड करावे. कामात मातृभाषेचा शब्द आला तर त्याला मज्जाव नव्हता, मात्र उत्तेजनही नव्हते. मुलाने गप्प बसून नुसते ऐकले आणि शेवटी कागदावर एक आकडा लिहिला, तरी ते उत्तर धरले जाई; कारण समजणे हे बोलण्याच्या आधी येते, हे तेथे मान्य होते.

कार्यांची यादी पाहिली तर ती त्या काळच्या सामान्य जीवनातून उचललेली दिसते. महिन्याचे कॅलेंडर, शाळेचे वेळापत्रक, नकाशे, अंतरे, पैशांचा हिशेब, नियमावली, टपालाची व्यवस्था, तारेचा मजकूर. तार करणे हा आता इतिहास झाला. २०१३ च्या जुलैमध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. पण शब्दागणिक पैसे पडत असताना आशय न गमावता मजकूर किती आखडावा, हा त्यातला प्रश्न आजही शिळा झालेला नाही. इंग्रजीत कोणता शब्द गाळला तरी चालतो आणि कोणता गाळला की अर्थच कोसळतो, हे व्याकरणाच्या दहा नियमांपेक्षा तारेच्या एका मजकुरातून लवकर कळते.

४

बंगळूरमध्ये हे चालू असतानाच शहराच्या रस्त्यांवर भाषेचा दुसराच प्रश्न उभा राहिला होता. माध्यमिक शाळांत पहिल्या भाषेचे स्थान कन्नडलाच असावे, अशी शिफारस विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ मध्ये केली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १९८२ मध्ये मोठे आंदोलन झाले. चित्रपटनट राजकुमार त्यात उतरले आणि ते लोकांचे आंदोलन झाले. एकाच शहरात, एकाच काळात, एका बाजूला भाषेचे स्थान कोणते यावर माणसे रस्त्यावर येत होती, आणि दुसऱ्या बाजूला काही वर्गांत मुलांना भाषा विसरावयास लावून भाषा शिकविण्याचा प्रयत्न चालला होता. या दोन घटनांची सांगड सहसा घातली जात नाही.

परंतु ती घालण्यासारखी आहे, आणि त्याला गोकाकांचे चरित्रच साक्षी आहे. ‘विनायक’ या नावाने कन्नडमध्ये काव्य लिहिणारे हे गृहस्थ व्यवसायाने इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे ते संचालक होते आणि बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कन्नडला पहिले स्थान मागणारा अहवाल इंग्रजी शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या हातून आला, यात विसंगती नाही. बी. एम. श्रीकंठय्या हे इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या इंग्रजी भावगीतांच्या रूपांतरांनी आधुनिक कन्नड कवितेला वळण दिले. यू. आर. अनंतमूर्ती, पी. लंकेश, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इंग्रजी शिकविणारे कन्नड कादंबरीकार शांतिनाथ देसाई, मराठीतील विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे सारे इंग्रजीच्या वर्गात उपजीविका करून आपापल्या भाषेत लिहीत राहिले. ज्यांची स्वभाषा भक्कम होती त्यांच्या हाती इंग्रजी हे साधन झाले. किशोरवयीन मुलाच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. त्याच्यापाशी विचार करण्यास समर्थ अशी एक भाषा असते, म्हणूनच वेळापत्रकाचा तर्क त्याला अपुऱ्या इंग्रजीत सुद्धा झेपतो. स्वभाषेतील बुद्धीचे भांडवल नसते, तर प्रभूंचा प्रयोग एक तासही चालला नसता.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथून पुढे जाण्यास वाव आहे. मूळ प्रकल्पाने मातृभाषेला मज्जाव केला नाही, पण तिला कामालाही लावले नाही. बहुभाषिक वर्ग ही शिक्षकाची अडचण न मानता साधनसंपत्ती मानावी, हा विचार २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पुढे मांडला. तो तर्काच्या कार्यांशी जोडला तर नववीच्या वर्गात काय काय करता येईल, याची दोन उदाहरणे येथे पुरेत.

पहिले नात्यांचे. फळ्यावर एका कुटुंबाचा वंशवृक्ष काढावा आणि एका माणसाकडे बोट दाखवून हा त्या मुलीचा कोण, असे विचारावे. मराठी घरातले मूल क्षणात मामा म्हणेल, कन्नड घरातले ‘सोदरमाव’ म्हणेल. दुसऱ्याकडे बोट दाखविले तर काका, तिसऱ्याकडे दाखविले तर आत्याचे यजमान. इंग्रजीत तिघांनाही शब्द एकच, ‘अंकल’. आता कार्य असे: लग्नाच्या याद्या लिहिणाऱ्या परक्या माणसाला, ज्याला यांतली एकही भाषा येत नाही, हे तीन अंकल वेगवेगळे कसे समजावून सांगाल? आईचा भाऊ, वडिलांचा भाऊ, वडिलांच्या बहिणीचा नवरा, अशी षष्ठीची साखळी मुले स्वतःच रचू लागतात, कारण तिच्याविना चालतच नाही. पुढे मामेबहीण आणि चुलतबहीण यांना एकाच ‘कझिन’मध्ये कोंबणे आपल्याकडे का परवडत नाही, यावर वर्गातली मुले शिक्षकांपेक्षा अधिक सांगतात, मामाच्या मुलीशी लग्न होऊ शकते आणि काकाच्या मुलीशी होत नाही, हे बहुतेकांना घरातच कळलेले असते. त्या तासाला इंग्रजी ही अपुरी भाषा ठरते आणि मूल पुरे ठरते. वर्षानुवर्षे उलट ऐकत आलेल्या मुलाला हा अनुभव एकदा तरी मिळाला पाहिजे.

दुसरे म्हणींचे. नाचता येईना तर मराठीत अंगण वाकडे ठरते. कन्नडमध्ये जमिनीलाच वाकडी म्हणतात. इंग्रजीतला अकुशल कारागीर आपल्या हत्यारांना दोष देतो. तीन म्हणी आणि पाच प्रसंग द्यावेत. परीक्षेत नापास होऊन प्रश्नपत्रिकेला दोष देणारा विद्यार्थी, झेल सोडून सूर्याकडे बोट दाखविणारा खेळाडू, भाजी खारट झाली म्हणून मिठालाच नावे ठेवणारी व्यक्ती, आणि असेच आणखी दोन. कोणत्या प्रसंगी कोणती म्हण चपखल बसते आणि कोणती ओढून आणावी लागते, ते ठरवून कारण द्यावयाचे. इंग्रजी कारणासाठी वापरली जाते, आणि कारण देणे हे भाषेच्या सर्वांत प्रौढ कामांपैकी एक आहे. साहित्याच्या वाचनाकडे जाणारी वाट येथूनच फुटते. वेळापत्रकांतून कविता उगवत नाही, हा साहित्याच्या अभ्यासकाचा आक्षेप रास्त आहे. परंतु एक प्रतिमा का बसते आणि दुसरी का बसत नाही, हे ज्याने म्हणीवर अजमावले, त्याला कवितेपुढे बसविणे सोपे जाते.

५

प्रकल्पावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. ख्रिस्टोफर ब्रमफिट यांनी १९८४ मध्ये त्याच्या मूल्यमापनाच्या अपुरेपणाकडे लक्ष वेधले. पुढे अॅलन बेरेटा आणि अॅलन डेव्हिस यांनी प्रकल्पातील वर्गांची नेहमीच्या वर्गांशी तुलना करून १९८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाक्यरचनांच्या चाचणीत नेहमीच्या वर्गांची मुले सरस ठरली, कार्यांच्या चाचणीत प्रकल्पातली. हे अपेक्षितच होते. दोन्ही बाजूंना न झुकणाऱ्या चाचण्यांत एकंदरीने प्रकल्पातली मुले पुढे होती. तरीही तुलनेतील वर्ग सर्वार्थाने समान नव्हते, प्रकल्पातील बरेच शिक्षक विशेष तयारीचे होते, आणि त्यामुळे या निष्कर्षांवर फार भार टाकता येत नाही, हे परीक्षकांनी स्वतःच जाणले होते.

बेरेटा यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली दुसरी तपासणी अधिक बोलकी आहे. शिक्षकांनी ही पद्धती कितपत आत्मसात केली, हा तिचा विषय होता. तीत असे दिसले, की बाहेरून आलेले, तयारीचे शिक्षक पद्धतीत रुळले. शाळेत रोज शिकविणारे नेहमीचे शिक्षक मात्र बहुतांशी उंबरठ्यावरच राहिले. त्यांना कार्ये करवून घेता आली, पण मुलाच्या अनपेक्षित उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलणे जड गेले. यात त्या शिक्षकांना कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांनी स्वतः साचे पाठ करून इंग्रजी मिळविली, त्यांना इंग्रजीत आयत्या वेळी प्रश्न रचावयास सांगणे म्हणजे जी मोकळीक मुलांना द्यावयाची ती आधी त्यांच्याकडून मागणे होय. आणि त्यांची भाषा अपुरी असेल तर त्यांच्याही बुद्धीचा अवमान त्यांच्या शालेय वयात कधीतरी झालेला असतो.

प्रभूंनी १९८७ मध्ये आपल्या प्रकल्पाचा वृत्तांत ग्रंथरूपाने दिला आणि १९९० मध्ये एका निबंधात सर्वोत्तम अशी पद्धती का नसते, याची चर्चा केली. स्वतः एका पद्धतीचे प्रवर्तक असून त्यांनी हे लिहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांच्या मते चांगल्या अध्यापनाचा शत्रू वाईट पद्धती हा नसून, यांत्रिक सवयीने होणारे अध्यापन हा आहे. आपण जे करतो त्याने खरोखर शिकणे घडते, असा जो आतला भरवसा शिक्षकाला कामातून येतो, त्याला प्रभूंनी एक संज्ञा दिली होती. मराठीत ‘अध्यापकाची प्रतीती’ या शब्दांनी तिचा आशय बराचसा पकडता येईल. ही प्रतीती जिवंत असली तर भाषांतरही शिकविते आणि साचेही शिकवितात. ती विझली तर उत्तम कार्येही दार उघडण्याच्या घोषणेइतकीच पोकळ होतात. वेळापत्रकाचे प्रश्न वर्षभर त्याच क्रमाने, त्याच आवाजात विचारले, तर दिवाळीपर्यंत मुले त्यांचीही उत्तरे पाठ करून टाकतील.

आज या प्रश्नाची धार अधिक तीव्र झाली आहे. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, आणि बंगळूर असो वा पुणे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घालण्याची धडपड गरीब घरांतही पोहोचली. पूर्वी अपुऱ्या इंग्रजीमुळे मूल एका तासापुरते मंद ठरत असे. आता विज्ञान, इतिहास, गणित हे सारेच इंग्रजीत असल्याने ते दिवसभर मंद ठरू शकते. गणिताच्या तासाला हात वर करण्याची जी जागा त्याच्यापाशी उरली होती, तीही जाण्याचा धोका आहे. म्हणून अपुऱ्या भाषेतला पुरा विचार ओळखण्याचे काम आता एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाचे राहिलेले नाही.

शेवटी सारे येऊन ठेपते ते एका कागदाशी. तासाच्या अखेरीस एका मुलीने वेळापत्रकाच्या कामाचा कागद दिला आहे, असे समजावे. आजीला मंड्याला घेऊन रविवारी अकराच्या आत पोहोचविणारी गाडी तिने अचूक शोधली आहे. दोन ठिकाणी क्रियापद चुकले आहे आणि एकदा अनेकवचनाचा प्रत्यय राहिला आहे. प्रकल्पातल्या शिक्षकाने गाडी बरोबर म्हणून गुण दिले असते आणि चुकलेली वाक्ये पुढच्या तासाला फळ्यावर आपल्या हाताने नीट लिहून दाखविली असती. वार्षिक परीक्षेच्या परीक्षकाला क्रियापदे दिसतील, गाडी दिसणार नाही. या दोन वाचनांमध्ये उभ्या असलेल्या शिक्षकाला रोज निवड करावी लागते. लाल पेन उचलण्यापूर्वी त्याने ती गाडी एकदा स्वतः शोधून पाहिली, तर मुलीने केवढे काम केले आहे हे त्याला कळेल.